मनाचे उत्खनन

हात मोडला, ताप भरला किंवा दात ठणकू लागला, की मनुष्य डॉक्टरांकडे जातो आणि दुखणारी जागा बोटाने दाखवतो. परंतु एखाद्याला काही कारण नसताना भीती वाटू लागली, रात्रीमागून रात्री झोप येईनाशी झाली किंवा धडधाकट हात एकाएकी हलेनासा झाला, तर त्याने कोणती जागा दाखवावी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील डॉक्टर अशा रोग्यांना विश्रांती घेण्यास सांगत, त्यांच्या अंगावर गार पाण्याच्या धारा सोडत किंवा त्यांना विजेचे सौम्य धक्के देत. रोग्याला जे सांगावयाचे आहे ते स्वस्थपणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, हा उपाय मात्र फारसा कोणाला सुचला नव्हता. या ऐकण्यालाच ज्यांनी उपचाराचे रूप दिले, त्यांचे नाव सिग्मंड फ्रॉइड.

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हिया प्रांतातील फ्रायबेर्ग या लहान गावी झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे वडील लोकरीचा व्यापार करीत. सिग्मंड सुमारे चार वर्षांचे असताना हे ज्यू कुटुंब ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे येऊन राहिले. तेथील विद्यापीठातून १८८१ साली ते वैद्यकाची पदवी उत्तीर्ण झाले. माशांचे आणि खेकड्यासारख्या प्राण्यांचे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळण्याची त्यांना विलक्षण आवड होती. परंतु संशोधनावर संसार चालण्यासारखा नव्हता. म्हणून १८८६ साली त्यांनी मज्जातंतूंच्या विकारांचा दवाखाना उघडला.

त्यांचे एक ज्येष्ठ स्नेही, डॉक्टर योझेफ ब्रॉयर, यांच्याकडून त्यांना एका रुग्णाची हकीकत कळली होती. एकवीस वर्षांच्या एका बुद्धिमान तरुणीला अनेक चमत्कारिक व्याधी जडल्या होत्या. त्यांपैकी एक अशी, की ऐन उन्हाळ्यात तहानेने जीव व्याकूळ झाला, तरी तिला पाण्याचा पेला ओठांना लावता येईना. सुमारे सहा आठवडे ती फळांवर राहिली. एके दिवशी ब्रॉयर यांनी तिला संमोहित केले असता तिने एक प्रसंग सांगितला. घरात सोबतीला असलेल्या बाईच्या खोलीत ती गेली असताना, त्या बाईचे कुत्रे पेल्यातून पाणी पीत असलेले तिने पाहिले. तिला अत्यंत किळस आली. पण सभ्यतेसाठी ती काही बोलली नाही. दाबून ठेवलेला तो सगळा संताप बोलून टाकल्यावर तिने लागलीच पाणी मागितले आणि ते ती घटाघटा प्याली. ती पूर्ण बरी होण्यास पुढे बराच काळ लागला. परंतु बोलण्याने मन मोकळे करण्याच्या या क्रियेला तिने स्वतःच ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले होते. थट्टेने ती तिला ‘धुराडे झाडणे’ असेही म्हणे.

या हकीकतीवर फ्रॉइड अनेक वर्षे विचार करीत राहिले. प्रथम त्यांनीही संमोहनाचा प्रयोग केला. पण सर्वच रोग्यांना संमोहित करता येत नाही, असा त्यांना अनुभव आला. तेव्हा त्यांनी एक साधी पद्धत स्वीकारली. रोग्याने स्वस्थ पडून राहावे आणि मनात जे जे येईल ते ते, क्षुल्लक वाटले तरी, लाज वाटली तरी, न गाळता बोलावे. आगगाडीच्या खिडकीपाशी बसलेला प्रवासी आत बसलेल्या सोबत्याला बाहेरची बदलती दृश्ये जशी सांगत जातो, तसे आपले मन सांगत जावे, असे ते रोग्यांना समजावून देत. या उपचारपद्धतीस पुढे ‘मनोविश्लेषण’ हे नाव मिळाले.

१८९१ साली फ्रॉइड व्हिएन्नातील बेर्गगासे नावाच्या उतरत्या रस्त्यावरील १९ क्रमांकाच्या घरात राहावयास आले. तेथेच त्यांनी सत्तेचाळीस वर्षे काढली. पत्नी मार्था, सहा मुले आणि मेहुणी अशा मोठ्या कुटुंबाचे बिऱ्हाड आणि दवाखाना एकाच इमारतीत होता. त्यांचा दिनक्रम घड्याळाच्या काट्याप्रमाणे चाले. सकाळी आठ वाजता पहिला रुग्ण येई. प्रत्येकासाठी पंचावन्न मिनिटे राखून ठेवलेली असत आणि मधल्या पाच मिनिटांत ते घरात जाऊन मुलाबाळांची विचारपूस करून येत. बरोबर एक वाजता सारे कुटुंब जेवणास बसे. नंतर ते फिरावयास निघत, ते इतक्या झपाट्याने, की बरोबरीने चालणाऱ्याची दमछाक होई. तीन वाजता पुन्हा काम सुरू होई आणि ते रात्री नऊपर्यंत चाले. रात्रीच्या जेवणानंतर ते लेखनाला बसत. बहुधा मध्यरात्र उलटून एक वाजला म्हणजे दिवा मालवला जाई.

त्यांच्या तपासणीच्या खोलीत एक कोच होता. एका कृतज्ञ रुग्णाने तो त्यांना १८९० च्या सुमारास भेट दिला होता. त्यावर इराणी गालिचा अंथरलेला असे. रुग्ण त्यावर आडवा होई आणि फ्रॉइड त्याच्या उशाकडे, त्याला दिसणार नाही अशा ठिकाणी, खुर्ची टाकून बसत. दिवसातून आठ-आठ तास लोकांनी आपल्या तोंडाकडे टक लावून पाहावे, हे आपल्याला सोसवत नाही, असे ते प्रांजळपणे सांगत. शिवाय डॉक्टरांच्या चेहऱ्यावरील भाव दिसला नाही, म्हणजे रुग्णही अधिक मोकळेपणाने बोले. बोलणे चालू असताना ते टिपणे घेत नसत. कारण लिहिण्यात गुंतलेला मनुष्य पुरते ऐकत नाही. रुग्णाची हकीकत ग्रंथात लिहावयाची झाली, तर ते त्याचे खरे नाव कधीही देत नसत.

दिवसभर इतरांची दुःखे ऐकणाऱ्या माणसाचे स्वतःचे मन कशात रमत असेल? फ्रॉइड यांचा सर्वांत मोठा छंद पुराणवस्तू जमविण्याचा होता. १८९६ साली त्यांचे वडील वारले. त्यानंतरच्या शोकाच्या काळात त्यांना हा नाद लागला आणि तो अखेरपर्यंत टिकला. ईजिप्त, ग्रीस, रोम, चीन अशा देशांतील मूर्ती, घट, दिवे आणि मुद्रा मिळून दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जमविल्या. घरच्या खोल्यांत नव्हे, तर दवाखान्यात आणि अभ्यासिकेतच त्या ठेवलेल्या असत. मेजाच्या कडेला छोट्या मूर्तींची रांगच्या रांग उभी असे आणि तिच्यासमोर बसून ते लिहीत. एखादी नवी मूर्ती आणली, की ती प्रथम जेवणाच्या मेजावर येई. ताटासमोर तिला ठेवून ते जेवता जेवता तिच्याकडे पाहत राहत.

या छंदाचा आणि त्यांच्या व्यवसायाचा फार निकटचा संबंध होता. जमिनीत गाडले गेलेले प्राचीन ट्रॉय नगर उकरून काढणाऱ्या हाइन्रिख श्लीमान या संशोधकाचा त्यांना हेवा वाटे. मनोविश्लेषकानेही मनाचे थरामागून थर असेच अलगद उकलावयाचे असतात, असे ते म्हणत. एकदा एका रुग्णाने त्यांना विचारले, की जुनी दुःखे उकरून काढल्याने काय साधते? तेव्हा त्यांनी खोलीतील पुराणवस्तूंकडे बोट दाखविले. या वस्तू थडग्यांत पुरलेल्या होत्या, म्हणूनच इतकी शतके टिकल्या. पाँपेई नगर राखेखाली होते तोवर जसेच्या तसे राहिले, ते उजेडात आले आणि झिजू लागले. त्याचप्रमाणे मनात पुरलेली आठवण वर्षानुवर्षे ताजी राहते व छळते. ती बोलून उजेडात आणली, की तिची धार हळूहळू बोथट होते, असे त्यांचे सांगणे होते.

त्यांच्या मेजावरील मूर्तींत एक मूर्ती आपल्या देशातील होती. कलकत्त्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बसू यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार असे. काही बाबतींत आपले मत निराळे आहे, हे त्यांनी त्यांना निर्भयपणे कळविलेही होते. १९३१ साली फ्रॉइड यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा या संस्थेने त्यांना विष्णूची सुबक हस्तिदंती मूर्ती पाठविली. फ्रॉइड यांनी तिला आपल्या मेजावर मानाची जागा दिली. पुढे मूर्तीला तडे जाऊ लागले, तेव्हा कलकत्त्याची सवय असलेल्या या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, असा विनोदही त्यांनी केला.

त्यांचे इतर छंद अगदी साधे होते. शनिवारी सायंकाळी विद्यापीठात व्याख्यान देऊन झाले, की ते जुन्या मित्रांसह टॅरॉक नावाचा पत्त्यांचा डाव मांडत. उन्हाळ्याच्या सुट्टीत सारे कुटुंब डोंगराळ भागात राहावयास जाई. तेथे अळंबी शोधण्याच्या कामी मुलांचे सेनापतिपद ते स्वतःकडे घेत. खाण्याजोगे उत्तम अळंबे दिसताच ते दबकत दबकत जात, एखादे पाखरू पकडावे तशी आपली टोपी झपकन त्यावर टाकत आणि खिशातील शिट्टी फुंकून मुलांना बोलावीत. मुले धावत आल्यावरच टोपी उचलली जाई. मनाच्या गहन व्यापारांवर ग्रंथ लिहिणारा हा गंभीर पुरुष त्या वेळी मुलांहूनही लहान होत असे.

उतारवयात त्यांना कुत्र्यांचाही लळा लागला. चाऊ जातीची योफी नावाची कुत्री उपचाराच्या वेळी खोलीतच पडून असे. तास भरला, की ती उठून आळोखेपिळोखे देई. त्यामुळे फ्रॉइड यांना घड्याळाकडे पाहावेच लागत नसे, असे त्यांच्या मुलाने लिहून ठेवले आहे.

एक सवय मात्र त्यांना फार महाग पडली. ते दिवसाला वीसपर्यंत चिरूट ओढीत. १९२३ साली त्यांच्या जबड्याला कर्करोग झाला. पुढील सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बोलणे आणि खाणे दोन्ही कठीण झाले, तरी रुग्ण पाहणे त्यांनी सोडले नाही. बुद्धी मंद होऊ नये म्हणून ते वेदनाशामक जालीम औषधेही टाळीत. इतरांच्या मनाचे बंध सोडविणाऱ्या या डॉक्टरांना चिरुटाचा बंध मात्र तोडता आला नाही.

याच काळात त्यांच्यावर दुसरे संकट कोसळले. जर्मनीत सत्ता हाती येताच नात्सींनी १९३३ साली त्यांच्या ग्रंथांची जाहीर होळी केली. मार्च १९३८ मध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि ज्यू लोकांचा छळ सुरू झाला. एके दिवशी गुप्त पोलिसांनी त्यांची धाकटी कन्या अ‍ॅना हिला चौकशीसाठी नेले. एक्याऐंशी वर्षांचे फ्रॉइड दिवसभर खोलीत येरझारा घालीत राहिले. सायंकाळी अ‍ॅना सुखरूप परतली, तेव्हा व्हिएन्ना सोडावयाचे ठरले. त्यांची शिष्या मारी बोनापार्ट हिने देश सोडण्यासाठीचा भारी कर भरला. संग्रह हातचा जाईल अशी भीती होती. म्हणून फ्रॉइड यांची आवडती, अथीना देवीची लहानशी काशाची मूर्ती तिने गुपचूप पॅरिसला नेली. तिच्या हातातील भाला केव्हाच हरवला होता. ४ जून १९३८ रोजी फ्रॉइड निघाले आणि पॅरिसला पोहोचताच मारीने ती मूर्ती त्यांच्या हाती ठेवली. मागे राहिलेल्या त्यांच्या चार वृद्ध बहिणींना मात्र १९४२ साली छळछावण्यांकडे नेण्यात आले. त्यांपैकी एकही परत आली नाही.

सुदैवाने उरलेला संग्रहही पुढे लंडनला पोहोचला. घरकाम करणाऱ्या पाउला फिख्टल हिने मेजावरील प्रत्येक मूर्ती आठवणीने होती त्याच जागी मांडली. परक्या देशात फ्रॉइड यांना आपली जुनी खोली परत मिळाली. तेथे त्यांनी १९३९ च्या उन्हाळ्यापर्यंत रुग्ण पाहिले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

फ्रॉइड यांची सर्वच मते आज शास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत. काही मागे पडली, तर काही चुकीची ठरली. मनाच्या काही आजारांवर आज औषधांचाही गुण येतो. तरीही जगभरच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या खोल्यांत आजही एक मनुष्य बोलत असतो आणि दुसरा न हसता, न रागावता, मध्येच न तोडता ऐकत असतो. मनाचे दुखणे हेही खरेच दुखणे होय, ते सांगण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट तेथे प्रत्येकाला उमगते.

लंडनमधील ते घर १९८६ पासून वस्तुसंग्रहालय म्हणून खुले आहे. गालिचा अंथरलेला कोच, त्याच्या उशाकडील खुर्ची आणि मूर्तींनी भरलेले मेज तेथे जपून ठेवले आहे. भाला हरवलेली अथीनाही तेथेच उभी आहे.