आजारी बेडकास औषध कसे द्यावे

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाच्या खालच्या भागाची व मांड्यांच्या आतील बाजूची त्वचा पातळ असून रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. ओल्या जागी बसला की तेथूनच तो पाणी शोषून घेतो. श्वसनाचा काही भागही त्वचेवाटेच चालतो. म्हणून गाईच्या अंगास लावलेले मलम बहुतांशी बाहेर राहते, बेडकाच्या अंगास लावलेले मात्र पोटात दिल्यासारखेच होते.

रायपूरमधील तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती. तेथील अंगणात पावसाळ्यात येणारे बेडूक पकडून पाळणे योग्य नव्हे. भारतीय बैलबेडकास तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. पाळीव म्हणून ठेवले जातात ते बहुधा परदेशी जातींचे. असा बेडूक मलूल झाला, अन्न घेईनासा झाला किंवा त्याच्या मांड्यांची खालची बाजू लाल दिसू लागली, की घरातील औषधांची पेटी उघडली जाते. खरा धोका येथेच आहे. हिरड्यांच्या दुखण्यावरील काही मलमांत बेंझोकेन हे बधिरता आणणारे द्रव्य असते. बेडकाच्या पोटाला ते चोळल्यास सारे शरीर बधिर होऊन त्यास मृत्यू येऊ शकतो. असाध्य रोगाने पीडित बेडकांना वेदनारहित मृत्यू देण्यासाठी पशुवैद्य याच द्रव्याचा उपयोग करतात.

मात्रेचे गणितही पाहण्याजोगे आहे. एखादे औषध शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला १० मिलिग्रॅम द्यावयाचे असेल, तर २० ग्रॅम वजनाच्या बेडकाची मात्रा ०.२ मिलिग्रॅम होते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या अडीच हजार मात्रा सामावतील. गोळीचा ‘लहानसा तुकडा’ अंदाजाने मोडून देणे हे औषध देणे नव्हेच. प्रथम बेडकास ग्रॅममध्ये अचूक तोलावे व औषध पशुवैद्याकडून पातळ करून घ्यावे. रायपूरकरांना दुर्गजवळील अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही.

त्वचेची हीच शोषणशक्ती उपचारासही उपयोगी पडते. १९९८ साली उजेडात आलेला व १९९९ साली नामकरण झालेला कायट्रिड कवक बेडकांच्या त्वचेत वाढतो. त्वचेचे कार्य बिघडून रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटतात आणि अखेरीस हृदय थांबते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार या रोगाने उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली असून त्यांपैकी ९० जाती लुप्त झाल्या असाव्यात. उत्तर सह्याद्रीतील बेडकांवर हा कवक आढळल्याचा अहवाल २०१३ साली आला. त्यावर इट्राकोनॅझोलच्या ०.०१ टक्का द्रावणात बेडकास रोज पाच मिनिटे, असे अकरा दिवस बसविण्याची पद्धत रूढ होती. २०१२ च्या प्रयोगांत ०.००२५ टक्का, म्हणजे चौपट सौम्य, द्रावणाने सहा दिवसांतच रोग हटला व दुष्परिणामही कमी झाले. अधिक औषध म्हणजे अधिक गुण, ही समजूत येथे सपशेल चुकीची ठरली. बेडूकमाशांना तर हे औषध बाधक आहे. ही प्रमाणे पशुवैद्याने रोगनिदान केल्यावरच वापरावयाची, हे सांगणे नलगे.

बेडकास हाताळताना साबण, तेल वा अत्तर लागलेले हात चालत नाहीत. भुकटीविरहित हातमोजे घालून ते क्लोरीनरहित पाण्याने भिजवावेत. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवले म्हणजे त्यातील मोकळा क्लोरीन निघून जातो. बेडकाचा जबडा नाजूक असतो; तो बळाने उघडताना मोडू शकतो. म्हणून पशुवैद्य पुष्कळदा मोजलेला थेंब पाठीवरच टाकावयास सांगतात. द्रावणात बसविताना पाणी उथळ असावे, नाकपुड्या वर राहाव्यात आणि घड्याळ समोर असावे. बेडूक उताणा पडला किंवा हालचाल करीनासा झाला, तर वेळ पुरी होण्याची वाट न पाहता त्यास स्वच्छ पाण्याने धुवावे.

रायपुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. बेडकाचे रक्त सभोवारच्या तापमानाप्रमाणे तापते वा निवते, आणि औषध शरीरात किती वेगाने पसरेल व बाहेर पडेल हेही त्यावरच ठरते. म्हणून उपचाराच्या दिवसांत पेटी एकाच सावलीच्या जागी ठेवावी आणि तेथील तापमान टिपून पशुवैद्यास कळवावे.

वापरलेले पाणी अंगणात किंवा बूढा तालाबात ओतू नये. आजारी पाहुण्याचा कवक तेथील बेडकांत जाऊ शकतो. त्यात ब्लीचिंग पावडर टाकून ते काही काळ राहू द्यावे, मग मोरीत सोडावे व हात साबणाने धुवावेत.