थांब्यांची नावं (भाग ८) : टाटा पॉवर

कल्याण-शीळ रस्त्यावर रिक्षावाला ‘टाटा पॉवर, टाटा पॉवर’ असा पुकारा करतो, तेव्हा कोणाच्याही डोळ्यांपुढे टाटा उभे राहत नाहीत. सुट्टे पैसे काढायचे आणि उतरायचं. मागच्या भागात कल्याणच्या सुभेदार वाड्यात रेंगाळलो होतो. आज या इंग्रजी नावाच्या मागे जाऊ.

सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही कल्पना जमशेदजींची. पण ते १९०४ साली गेले. १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी काढून १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचवली, ती त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्या कारकिर्दीत. पुढे १९१६ साली भिवपुरीसाठी आंध्र व्हॅली कंपनी निघाली आणि १९१९ साली मुळशीच्या धरणासाठी तिसरी. तिचं नाव टाटा पॉवर. २००० साली आधीच्या दोन्ही कंपन्या तिच्यात विलीन झाल्या आणि नाव उरलं ते मुळशीवालीचं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

दोराबजी उद्योगपती झाले ते वडिलांमुळे. खेळाडू मात्र स्वतःच्या हौशीनं. केंब्रिजच्या दोन वर्षांत क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, नौकानयन, धावणं, काही सोडलं नाही. पदवी मात्र मुंबईला परतून सेंट झेवियर्समधून घेतली, १८८२ साली. मग काही काळ ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रकारीही केली. पत्नी मेहेरबाई साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा गाजवत. घरच खेळाचं!

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना दोराबजी अध्यक्ष होते. शेतात राबणारी पोरं अनवाणी धावत होती. त्यांना ना नियम ठाऊक, ना कोणी शिकवलेलं. पण घड्याळ पाहिलं तर त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या आसपास. दुसरा कोणी पाहुणा पाठ थोपटून, बक्षिसं वाटून घरी गेला असता. दोराबजींनी या पोरांना ऑलिंपिकला धाडायचं ठरवलं. त्यांनी गव्हर्नर लॉइड यांना गळ घातली, वर्गणी कमी पडली तिथे पदरमोड केली आणि १९२० साली संघ अँटवर्पला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे यांचं कांस्यपदक थोडक्यात हुकलं. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्ष.

हा भाग इथेच संपवला असता तर सोपं होतं. पण अँटवर्पहून संघ परतल्याला वर्षही झालं नव्हतं, तोच १९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या धरणावर मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापट तुरुंगातही गेले. धरण झालंच. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली आणि गावं पाण्याखाली गेली. शेतकऱ्याच्या पोराच्या पायातली ताकद ज्यांनी पुण्यात ओळखली, त्यांच्याच कंपनीनं चाळीसेक किलोमीटरवर त्या पायांखालची जमीन घेतली. मला हे दोन दोराबजी वेगळे काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत. शेजारच्या गावात काय चाललंय हे त्यांना ठाऊक नसेल, असं मानायला मी तरी तयार नाही.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. १९३२ साली दोराबजींनी आपली जवळपास सगळी संपत्ती ट्रस्टच्या नावे केली. तिच्यात मेहेरबाईंचा २४५ कॅरेटचा ज्युबिली हिराही होता. टाटा स्टील अडचणीत आलं तेव्हा, १९२४ साली, हाच हिरा त्यांनी गहाण ठेवला होता. १९३२ च्याच जूनमध्ये, पत्नीच्या समाधीकडे इंग्लंडला निघाले असताना, वाटेत जर्मनीत त्यांचं निधन झालं. ट्रस्टच्या पैशातून परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं.

डोंबिवलीच्या एखाद्या चाळीत ‘वहिनींना टाटाला नेलंय’ असं कोणी हळू आवाजात सांगितलं, की आजार कोणता हे विचारावं लागत नाही.

(पुढील भाग : घरडा सर्कल)