फुरशाचं विष आणि कॅन्सर: खरं काय, अफवा काय?

सापाचं विष कॅन्सरवर अक्सीर इलाज आहे, असा मेसेज मोबाईलवर फिरतोय. आमच्या शाळेतल्या एका पालकांनी तो दाखवून विचारलं, "सर, अम्मीची केमो बंद करून हे औषध आणू का?" म्हणून हे लिहितोय.

गोष्ट अगदीच खोटी नाही. कॅन्सरची पेशी मूळ गाठीतून सुटते, रक्तातून दुसरीकडे जाते आणि तिथे चिकटून नवी गाठ तयार करते. चिकटण्यासाठी तिच्या अंगावर इंटेग्रिन नावाची प्रथिने असतात, जणू आकडेच. आपल्या कोकणातही आढळणाऱ्या फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन हे अवघ्या ४९ अमिनो आम्लांचं प्रथिन असतं. ते या आकड्यांत आधीच जाऊन बसतं, मग पेशीला धरायला जागा उरत नाही. अमेरिकेतल्या कॉपरहेड सापाच्या विषातही असंच एक प्रथिन आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा प्रथिनांमुळे कॅन्सरचा फैलाव कमी झाला.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. या प्रथिनांपासून कॅन्सरचं मंजूर औषध अजून बनलेलं नाही. एकिस्टॅटिनच्या अभ्यासातून निघालेलं टिरोफिबॅन १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही हृदयविकारात रक्ताची गुठळी रोखण्यासाठी. शिवाय शुद्ध केलेलं एक प्रथिन वेगळं आणि अख्खं विष वेगळं. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, रक्तस्राव होऊन माणूस दगावतो.

त्या भाईंना आम्ही एवढंच म्हणालो: अम्मीच्या केमोची तारीख चुकवू नका. नवीन इलाजाबद्दल विचारायचं तर कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा, मोबाईलला नाही.