नीरोचं बारावं वर्ष

रोमन सम्राटांची चांदीची नाणी जमवायला लागलेला माणूस आधी रोमच्या दिनारियसमागे धावतो. चेहरा ठसठशीत, चांदी चांगली, किमतीही तशाच. मी प्रांतांकडे वळलो तो अलेक्झांड्रियाच्या टेट्राड्रॅक्ममुळे, आणि आजही पेटी उघडली की हात आधी त्याच्याकडेच जातो.

दिसायला तसं सामान्यच. जेमतेम अडीच सेंटिमीटर, वजन बारा-तेरा ग्रॅम. म्हणायचं चांदीचं, रंग मात्र मळकट करडा, उंचवट्यांवर तांब्याची झाक. नीरोच्या वेळी त्यात चांदी उरली होती साधारण सहावा हिस्सा. दिनारियसशेजारी ठेवलं की लग्नघरात आलेल्या गरीब नातेवाइकासारखं दिसतं.

चेहरा बघायची घाई करायची नाही, आधी कड बघायची. ओतून केलेल्या नकली नाण्याला कडेने साच्याची जोडरेघ असते. ती घासून काढली असेल तर कानशीचे ओरखडे दिसतात. ठसा ठोकून पाडलेल्या नाण्याची कड अनेकदा तडकलेली असते, आणि ती तडक मला तरी दिलासा देते.

मग भिंग. दर्शनी बाजूला उजवीकडे तोंड केलेला नीरो: डोक्यावर किरणांचा मुकुट, मान जाडजूड, हनुवटीखाली मांसाची वळी. भोवतीची अक्षरं ग्रीक, कारण पूर्वेकडच्या प्रांतांत कारभार त्याच भाषेत चाले. मागच्या बाजूला एका स्त्रीचं मस्तक, त्यावर हत्तीच्या डोक्याचं कातडं ओढलेलं. ही साक्षात अलेक्झांड्रिया नगरी. तिच्या पुढ्यात 'एल'सारखी एक खूण आणि दोन अक्षरं. खूण वर्षाची, आयोटा म्हणजे दहा, बीटा म्हणजे दोन. नीरोचं बारावं वर्ष, इसवी सन 65-66. नाणं तिरकं धरून एका बाजूने उजेड पाडला, की सपाट वाटणारा बीटाही उठून दिसतो.

या वर्षांच्या हिशेबात खरी गंमत आहे. इजिप्तचं नवं वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होई, आणि गादीवर बसल्यापासून तिथवरचे महिने, थोडे का असेनात, पहिलं वर्ष म्हणून धरले जात. गाल्बा जून 68 मध्ये सम्राट झाला आणि जानेवारी 69 मध्ये मारला गेला. राज्य जेमतेम सात महिन्यांचं, पण अलेक्झांड्रियात त्याची 'दुसऱ्या वर्षा'ची नाणी आहेत!

आपल्याकडचा संबंध विचाराल तर तो उलटा आहे. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक व्यापारवृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल भडोचला उतरत असल्याची नोंद आहे. तिथे रोमन दिनार बदलून घेण्यात नफा होता असंही त्यात म्हटलंय. पण इजिप्तचं हे हिणकस नाणं इजिप्तपुरतंच चाले. म्हणून भारतातल्या रोमन ठेव्यांत भरणा दिनारियसचा आणि सोन्याच्या ऑरियसचा.

घासूनपुसून लखलखीत केलेली नाणी मला बघवत नाहीत. चांदीच्या वाटीला चिंच लावा हवी तर, याला नको. वरचा करडा थर गेला की बारीक अक्षरंही त्याच्याबरोबर जातात आणि किंमतही.

पहिलं नाणं घेणार असाल तर नाक झिजलेलं चालेल, वर्ष वाचता आलं पाहिजे. विक्रेत्याकडे वजन, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा. आणि आधीच्या मालकीचा कागद मागाच: इजिप्तने 1983च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला, तेव्हा नाणं त्याआधीच देशाबाहेर आलं होतं हे कागदावर दिसायला हवं. तो नसेल, तर कितीही स्वस्त मिळत असलं तरी सोडून द्या.