फोड केलेला शब्द : माध्यमिक शाळेतील इंग्रजी शब्दसंपदेचा आढावा

आपल्याकडील कोणत्याही मराठी शाळेत दहावीच्या मुलाच्या दप्तरात हात घातला, तर पाठ्यपुस्तक आणि गाईड यांच्या मध्ये दडपलेली एक वही हाताला लागते. तिच्या प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीने रेघ ओढलेली असते, रेघेच्या डाव्या अंगास इंग्रजी शब्द आणि उजव्या अंगास मराठी अर्थ अशी ती शब्दार्थांची वही असते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री रेघेचा एक भाग तळव्याने झाकून दुसरा भाग म्हणण्याचा जो परिपाठ आमच्या पिढीत होता, तो आजही तसाच चालू आहे. अशा वह्या मी एकतीस वर्षे तपासल्या. त्यांपैकी एका वहीत ‘डिसेंट्रलायझेशन’ असा शब्द सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता आणि त्याच्यासमोर तितक्याच सुवाच्य अक्षरांत ‘विकेंद्रीकरण’ असे लिहिले होते. वही ज्या मुलीची होती ती हुशार होती, स्पेलिंगात एकही चूक नव्हती. परंतु विकेंद्रीकरण म्हणजे काय, असे विचारताच ती खाली मान घालून उभी राहिली. एका अपरिचित शब्दासमोर तिने दुसरा अपरिचित शब्द ठेवला होता आणि दोन्ही पाठ केले होते.

मी दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि खडूने त्यांचे तुकडे पाडले. ‘डी’च्या खाली ‘वि’ आला, ‘सेंटर’च्या खाली ‘केंद्र’ आला आणि उरलेल्या लांबलचक शेपटीखाली ‘करण’ आले. तुकड्याला तुकडा असा जुळलेला पाहून वर्गात कुजबूज झाली. मग मी त्यांना सांगितले की, ‘केंद्र’ हा शब्द आपल्या ज्योतिषशास्त्राने प्राचीन काळी ग्रीकांकडून घेतला आणि ‘सेंटर’ही लॅटिनमार्गे त्याच ग्रीक शब्दावरून इंग्रजीत आला, तेव्हा हे दोन शब्द एकमेकांचे केवळ प्रतिशब्द नसून एका घरचे आहेत. त्या दिवसापासून ती शब्दार्थांची वही मला वेगळी दिसू लागली. उच्च इयत्तांतील इंग्रजी शब्दसंपदा वाढवावयाची असेल, तर मराठी आणि तिच्या पाठीशी उभे असलेले संस्कृत ही अडचण नसून किल्ली आहे, हे माझे म्हणणे आहे, आणि आजवर आपल्या प्रांतात इंग्रजी कसकसे शिकविले गेले याचा आढावा मी त्याच दृष्टीने घेत आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या काळच्या विद्यार्थ्याला इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही भाषांचा अभ्यास बहुधा एकाच वेळी, आणि पुष्कळदा एकाच गुरूच्या हाताखाली, करावा लागे. १८८० साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल उघडले, तेथे लवकरच वामन शिवराम आपटे येऊन मिळाले. ज्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाने जगभरातील अभ्यासकांची सोय केली, त्याच आपट्यांनी १८८४ साली विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-संस्कृत कोशही रचला. म्हणजे इंग्रजी शब्दाला संस्कृत शब्द आणि संस्कृत शब्दाला इंग्रजी शब्द अशी दोन्ही दिशांची वहिवाट एका शाळामास्तराच्या हातून घडत होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनेही हीच पद्धत अंगीकारली. नियम, त्याखाली शब्द, त्याखाली इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करावयाची वाक्ये, असा तिचा क्रम असे, आणि जी वाक्ये मुलगा स्वतः उलटीसुलटी करी, त्यांतले शब्द त्याच्या हाडीमाशी खिळत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आलेले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही मिळविलेले चिंतामणराव देशमुख पुढे अर्थशास्त्र आणि राज्यकारभार यांतील इंग्रजीवर जे प्रभुत्व गाजवीत आले, त्याची मुळे या दुहेरी मशागतीत होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून सुरू होई, पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून आली आणि २००० सालापासून पहिलीपासून. कोणत्या इयत्तेपासून इंग्रजी, हा वाद इतका रंगला की, ती कोणत्या रीतीने, या प्रश्नाकडे लक्ष देण्यास फारशी सवड कोणाला राहिली नाही. त्यातच प्रत्यक्ष पद्धतीचा आग्रह आला. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द उच्चारू नये, असा तोंडी हुकूम एका तपासणीच्या वेळी मलाही मिळाला होता. त्या हुकुमामागचा हेतू शुद्ध होता. मुलांच्या कानावर इंग्रजी पडावी, हे खरेच आहे. परंतु त्या तासाला मुलांच्या चेहऱ्यावरील समजुतीचा प्रकाश मावळलेला मी पाहिला, आणि तपासणी संपताच मी पुन्हा फळ्यावर मराठी लिहू लागलो.

येथे थोडा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. मायकल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी बंगालमध्ये ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना वाचता येईल असे मर्यादित शब्दांतले वाचन त्यांनी तेथेच सिद्ध केले आणि पुढे १९५३ साली सर्वसाधारण उपयोगाच्या सुमारे २००० मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण इंग्रजी मजकुराचा चार-पंचमांशांच्या आसपास भाग एवढ्याच शब्दांनी व्यापलेला असतो, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखविले. परंतु वर्तमानपत्र किंवा कादंबरी अडखळल्यावाचून वाचावयाची असेल, तर न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या मते आठ ते नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. शब्दकुळ म्हणजे एका मुळापासून निघालेली सर्व रूपे. आता आपल्या शाळेचे दिवस वर्षाला सुमारे दोनशे धरले, दिवसाला दोन नवे शब्द असे प्रमाण ठरविले आणि एकही शब्द विसरला जात नाही असे धाडसाने गृहीत धरले, तरी पाचवी ते दहावी या सहा वर्षांत चोवीसशे शब्दांच्या पलीकडे मजल जात नाही. याद्यांच्या वाटेने आठ हजारांचा मुक्काम गाठताच येत नाही. तो गाठावयाचा तर एका मुळातून दहा शब्द फुटले पाहिजेत आणि उरलेले वाचनातून पुन्हा पुन्हा भेटले पाहिजेत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा जो आलेख काढला, त्यातून एकदा पाठ केलेले किती झपाट्याने ओसरते, हे पुरेसे स्पष्ट झाले होते. २००० साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी महाविद्यालयीन ग्रंथांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. तीतील बहुतेक शब्द लॅटिन व ग्रीक मुळांचे आहेत, आणि नेमके तेच दहावीच्या उंबरठ्यावरील मुलाला पुढे लागणार असतात.

इंग्रजीच्या घरात तीन मजले आहेत. तळमजल्यावर अँग्लो-सॅक्सन लोकांचे साधे, आखूड शब्द आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबाराचे आणि न्यायाचे फ्रेंच शब्द त्यावर आले. आणि पुढे विद्येच्या निमित्ताने लॅटिन व ग्रीक शब्दांचा तिसरा मजला चढला. ‘बिगिन’, ‘कमेन्स’ आणि ‘इनिशिएट’ हे तीन शब्द या तीन मजल्यांवर राहतात. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून हे तीन शब्द समानार्थी म्हणून एका रांगेत छापलेले असतात, आणि मुले त्यांतला सर्वांत भारदस्त शब्द उचलून निबंधात घालतात. परंतु मराठीचे घरही तीन मजली आहे, ही गोष्ट आपण मुलांना कधी सांगतो का? आपल्याकडे तळाशी देशी व तद्भव शब्द आहेत, त्यावर बहामनी अमलापासून आलेले अर्ज, दावा, फिर्याद, मुदत असे फारसी-अरबी कारभाराचे शब्द आहेत, आणि त्यावर तत्सम शब्द आहेत. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करविला, तो दुसऱ्या मजल्यावरील शब्दांना तिसऱ्या मजल्यावरील प्रतिशब्द मिळावेत म्हणूनच. आणि बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली प्रसिद्ध करविलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा त्याच परंपरेतला.

म्हणून मी फळ्यावर तीन वाक्ये लिहीत असे : पाऊस पडू लागला, पावसाला सुरुवात झाली, पर्जन्यवृष्टीस प्रारंभ झाला. मग विचारीत असे की, तुमची आजी चुलीपुढे बसून यांतले कोणते वाक्य म्हणेल, वर्तमानपत्रात कोणते छापून येईल आणि तिसरे कोठे शोभेल. या प्रश्नाचे उत्तर चुकलेला एकही मुलगा मला आठवत नाही. ‘आजीने भाकरीस प्रारंभ केला’ असे वाक्य मी मुद्दाम सुचविले की, वर्ग एकमुखाने ‘नाही सर’ म्हणे. शब्दाचा हा पोत, त्याची पायरी, त्याचे स्थळकाळ जाणणारी बुद्धी त्यांच्यापाशी मराठीत आधीच सिद्ध होती. तीच बुद्धी ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’ यांच्याकडे वळविणे एवढेच माझे काम होते. प्रगत शब्दसंपदा म्हणजे अवजड शब्दांची संपदा, असा जो समज निबंधाच्या स्पर्धांनी रूढ केला आहे, त्याने मुलांच्या लेखनाचे फार नुकसान केले आहे असे माझे मत आहे. जिला तीनही मजल्यांवर मोकळेपणाने वावरता येते आणि ‘बिगिन’ पुरेसा असेल तेथे जी ‘बिगिन’च लिहिते, तिची शब्दसंपदा प्रगत.

शब्दांच्या सोबत्यांची गोष्टही अशीच आहे. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’ असतो, याला तर्क नाही, रूढी आहे. परंतु मराठीत पाऊस मुसळधार, ऊन रणरणते, थंडी कडाक्याची, चहा कडक आणि अरण्य घनदाट, यालाही तर्क कोठे आहे? मुसळधार थंडी म्हटलेले ज्याच्या कानाला खटकते, त्याला शब्द एकेकटे न शिकता जोडीने शिकावे लागतात हे पटवावे लागत नाही. शब्दार्थांच्या वहीत रेघेच्या डाव्या अंगास नुसता ‘रेन’ लिहिण्याऐवजी ‘हेवी रेन’ लिहा, एवढी एक सुधारणा मी माझ्या वर्गात रूढ केली होती.

सेमी-इंग्रजीच्या वर्गांविषयी मला विशेष काळजी वाटते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकणारा मुलगा ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द पाठ करतो, पण ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द त्याच्या कानावर आला नसेल, तर त्या इंग्रजी शब्दाचे दार त्याला बंदच राहते. उलट मराठी शब्द समोर असेल तर फोटो म्हणजे प्रकाश, सिन् म्हणजे सम्, हे त्याला आपोआप दिसते, आणि पुढे ‘सिंथेटिक’ कापड आले की तो थबकून विचार करतो. ‘हायड्रोजन’मधला ‘जेन’ आणि आपला ‘जन्’ धातू हे एकाच मूळ भाषेतून निघाले. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते प्रतिपादन केले, तेव्हापासून हे ज्ञान जगाला झाले आहे. आपल्या वर्गात मात्र ते अद्याप पोहोचलेले नाही. एकदा थर्मामीटरची फोड करताना मी सांगितले की, ग्रीक ‘थर्म’ आणि संस्कृत ‘घर्म’ हे सख्खे भाऊ, आणि घर्मापासून आपला घाम आला. मागच्या बाकावरील एका मुलाने कपाळावरचा घाम बोटाने निपटून त्याच्याकडे पाहिले. मे महिन्याच्या जादा तासातली ती दुपार होती. तो शब्द त्या वर्गातला कोणी विसरला असेल असे मला वाटत नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही या कामी उलट्या बाजूने वापरता येतो. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत, आणि एकेका मराठी शब्दासमोर त्या साहेबाने अर्थाच्या छटा दाखविण्यासाठी इंग्रजी शब्दांच्या रांगा उभ्या केल्या आहेत. आपल्या घरातला, शेतातला, रोजच्या तोंडचा एक मराठी शब्द घ्यावा आणि त्यासमोर कोणते इंग्रजी शब्द आले आहेत ते पाहावेत, असा अभ्यास नववीच्या मुलांना मी आठवड्यातून एकदा देत असे. त्यांतील काही इंग्रजी शब्द आता जुने झाले आहेत, तेवढी सावधगिरी शिक्षकाने बाळगावी.

या पद्धतीतही धोके आहेत. मूळ कळले म्हणजे वापर कळला असे होत नाही, आणि फोड करण्याचा छंद जडला की मुले नसलेल्या ठिकाणीही सांधे पाहू लागतात. पण या धोक्याचाही उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. महामार्गालगतच्या वाडीतून सायकलीने येणारा नववीतला एक मुलगा एके दिवशी प्रार्थना संपताच माझ्याकडे आला. ‘इन’ म्हणजे नकार, हे मी आदल्या आठवड्यात शिकविले होते. तो म्हणाला, “सर, पेट्रोलच्या टँकरवर मागं ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलंय. मग ते पेट न घेणारं कसं?” मी त्याला शिक्षकांच्या खोलीत नेले, कोश उघडला आणि दाखविले की, येथला ‘इन’ नकाराचा नसून आत शिरण्याचा, जोर देणारा आहे, रूप एक, पण उपसर्ग दोन. तो बराच वेळ पानावर बोट ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, “म्हणजे विफलमधला ‘वि’ वेगळा आणि विशुद्धमधला वेगळा, तसंच ना सर?”

घंटा झाली होती. मी त्याच्या हातात खडू दिला आणि त्याला वर्गात पुढे पाठविले. मी पोहोचेपर्यंत त्याने फळ्यावर दोन्ही ‘वि’ आणि दोन्ही ‘इन’ एकाखाली एक लिहून ठेवले होते, आणि पहिल्या बाकावरच्या मुली आपापल्या वहीत तिसरा ‘वि’ शोधीत होत्या.