चार अल्बमचा करार, सात वर्षांची वाट

आज एका गायिकेबद्दल बोलणार आहे. ती इंग्लंडची, तिची गाणी इंग्रजीत, आपल्यापैकी बहुतेकींनी ती ऐकलेली नसतील. तरी ऐका, कारण ही गोष्ट जितकी गाण्याची तितकीच एका कागदाची आहे. त्या कागदावर तिने सतराव्या वर्षी सही केली होती.

तिचं नाव रेचल अगाथा कीन. गायिका म्हणून ती फक्त ‘रे’ हे नाव लावते. (आपल्या ‘का रे’मधला रे नव्हे, पण लक्षात ठेवायला सोपं.) जन्म १९९७ चा, लंडनमधला. वडील इंग्रज, आईकडचं घर घाना आणि स्वित्झर्लंडचं. ती वाढली लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडन भागात. तिथे ब्रिट स्कूल नावाची फी न घेणारी कलाशाळा आहे. अ‍ॅडेल आणि एमी वाइनहाउस या मोठ्या गायिका तिथेच शिकल्या. रे तिथे दोन वर्षं शिकून बाहेर पडली. २०१४ मध्ये तिने स्वतःची काही गाणी इंटरनेटवर ठेवली आणि पॉलिडॉर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने तिच्याशी चार अल्बमचा करार केला.

आता अशा कंपन्यांचा व्यवहार कसा चालतो ते सांगते. कंपनी गायिकेला आगाऊ रक्कम देते. स्टुडिओ, वादक, जाहिरात यांवर पैसा लावते. गाणी खपू लागली की आगाऊ दिलेली रक्कम गायिकेच्या वाट्यातून आधी वळती करून घेते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या बायांना हे वेगळं समजवायला नको. ही उचलच. शिवाय अशा बहुतेक करारांत मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे जाते. गाणं कधी बाहेर काढायचं, मुळात काढायचं की नाही, हेही तीच ठरवते. म्हणजे चार अल्बमचा करार झाला की गायिका चार अल्बमना बांधली जाते. कंपनी मात्र ते ठरल्या वेळी काढायला बांधलेली असतेच असं नाही.

रेच्या वाट्याला हेच आलं. काम नव्हतं असं नाही. नाचायच्या गाण्यांत तिचा आवाज हवा असायचा. जॅक्स जोन्सबरोबरचं तिचं २०१६ चं गाणं ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ती दुसऱ्यांसाठी गाणी लिहायची. बियॉन्सेच्या ‘बिगर’ या गाण्याच्या लेखनातही तिचा हात आहे. तिची स्वतःची सुटी गाणी, चार-सहा गाण्यांचे छोटे संच येत राहिले. पण पूर्ण लांबीचा स्वतःचा अल्बम सात वर्षांत एकही आला नाही.

जून २०२१ मध्ये तिने हे सगळ्यांसमोर मांडलं. करार चार अल्बमचा आहे, एकही काढू दिलेला नाही, गाणी पडून आहेत, आणि पुढचा निर्णय नुकतंच आलेलं एक गाणं किती चालतं त्यावर टांगलेला आहे, असं तिने उघड लिहिलं. मोठ्या कंपनीविरुद्ध असं बोलणं म्हणजे पुढची दारं बंद होण्याची भीती असतेच. महिन्याभरात ती आणि कंपनी वेगळ्या झाल्या.

मग तिने स्वतःचा अल्बम केला. ३ फेब्रुवारी २०२३ ला तो आला. नाव ‘माय ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी ब्लूज’, म्हणजे माझ्या एकविसाव्या शतकातले ब्लूज. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या लोकांचं गाणं. गुलामगिरी कायद्याने संपली तरी हाल संपले नव्हते, त्या काळात ते घडलं. ‘मी’ म्हणून आपलं दुःख सांगायचं, एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, ही त्याची जुनी ठेवण. जात्यावर बसलेल्या आपल्या आजीला ते परकं वाटलं नसतं. रेची चाल काही जुनी नाही, तिच्यात जॅझ आहे, रॅप आहे, नाचाचा ठेका आहे. ब्लूजकडून तिने घेतलं ते स्वतःबद्दल खरं बोलणं. स्वतःच्या शरीराविषयीचा तिटकारा, नशा, कंपनीवरचा राग हे सगळं त्यात आहे. ‘आइस्क्रीम मॅन’ या गाण्यात तर ती स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल गाते. मला स्वतःला तेच गाणं सगळ्यात मोठं वाटतं, पण एकटीने ऐकू नका.

गाजलं मात्र ‘एस्केपिझम’. प्रेमभंगानंतर दारूत बुडणाऱ्या मुलीचं गाणं. लोकांनी ते मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंना लावलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आलं. अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला. मार्च २०२४ च्या ब्रिट पुरस्कारांत तिला एकाच वर्षात सहा पुरस्कार मिळाले. तोवर कुणालाच एका वर्षात इतके मिळाले नव्हते. त्यातला एक चक्क ‘नवोदित कलाकार’ म्हणून होता! करार होऊन दहा वर्षं व्हायला आली होती. अल्बमचा पुरस्कार घेताना तिने आजीला मंचावर नेलं आणि ती रडली.

‘स्वतंत्र कलाकार’ म्हणजे सगळं एकटीने करते असं समजू नका. गाणी जगभरच्या ॲपवर पोचवायला तिनेही एक वितरण कंपनी घेतली, आणि ती सोनी या बड्या समूहातलीच आहे. फरक असा, की वितरक माल पोचवतो आणि आपला हिस्सा घेतो; कोणतं गाणं बाहेर येणार ते गायिका ठरवते. आणि हेही खरं, की कंपनीतल्या सात वर्षांत तिचं नाव झालं होतं, ओळखी होत्या, हात तयार होता. नव्या मुलीने पहिल्याच दिवशी असं निघायचं म्हटलं तर कठीण.

आता तिची मागणी वेगळी आहे. एका गाण्यात दोन मालक्या असतात, एक शब्द-चालीची आणि दुसरी ध्वनिमुद्रणाची. ॲपवर गाणं वाजलं की मोठा वाटा दुसरीकडे जातो. गाणं लिहिणाऱ्यांना त्यात सहसा काहीच नसतं, आणि स्टुडिओत घालवलेल्या दिवसाची मजुरीही बहुतेक वेळा नसते. गीतकारांना ध्वनिमुद्रणातही टक्का द्या, असं ती जाहीरपणे मागते.