बहामा बेटांवरील पोहणारी डुकरे : पर्यटनाचा लाभ आणि मुक्या जीवांचे हित

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या आग्नेयेस, अटलांटिक महासागरात, बहामा नावाचा एक छोटासा द्वीपदेश वसलेला आहे. सातशेहून अधिक लहानमोठ्या बेटांच्या या देशात वस्ती मात्र मोजक्याच बेटांवर आहे. १४९२ साली कोलंबसाने पश्चिम गोलार्धात प्रथम पाऊल ठेवले ते याच द्वीपसमूहातील एका बेटावर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे दीर्घकाळ ब्रिटिश अंमलाखाली राहिलेला हा देश १० जुलै १९७३ रोजी स्वतंत्र झाला. चुनखडीच्या या सखल बेटांवर शेतीयोग्य माती थोडी व नद्या नाहीत. निळेहिरवे नितळ पाणी, पांढरी वाळू आणि बारमाही उबदार हवा हीच येथील खरी संपत्ती होय. त्यामुळे पर्यटन हा व्यवसाय या देशाच्या अर्थव्यवस्थेचा मुख्य आधार बनला आहे.

या पर्यटनातील एक नवलाईची गोष्ट म्हणजे एका निर्जन बेटावरील पोहणारी डुकरे. त्यांच्यासमवेत समुद्रात डुंबण्यासाठी जगभरातून लोक येतात. वरवर पाहता हा केवळ मौजेचा विषय वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास, प्राण्यांच्या आकर्षणावर उभा राहिलेला व्यवसाय कसा वाढतो, कोठे अडखळतो आणि त्याला नियमांची चौकट का लागते, याचा उत्तम वस्तुपाठ तेथे मिळतो.

बेटाची ओळख

बहामाच्या मध्यभागी एक्झुमा ही तीनशेहून अधिक बेटांची लांबट माळ पसरली आहे. आपल्या देशात गुजरात, मध्य प्रदेश आदी राज्यांतून जाणारे कर्कवृत्त या माळेच्या दक्षिणेकडील लिटल एक्झुमा बेटावरून जाते. माळेच्या मध्यभागी स्टॅनियल के हे वस्तीचे बेट आहे. ‘के’ म्हणजे लहान, सखल बेट. त्याच्या शेजारी बिग मेजर के हे निर्जन बेट असून तेथील किनाऱ्यावर ही डुकरे राहतात. राजधानी नासाऊहून वेगवान नौकेने किंवा छोट्या विमानाने स्टॅनियल केपर्यंत यावयाचे व तेथून नावेने या किनाऱ्यावर जावयाचे, असा प्रवासाचा क्रम असतो.

नाव किनाऱ्याजवळ येऊ लागली की इंजिनाच्या आवाजासरशी झाडीतून डुकरे बाहेर पडतात, पाण्यात शिरतात आणि नाकपुड्या पाण्यावर धरून नावेच्या दिशेने पोहू लागतात. काही तपकिरी, काही गुलाबी, काही ठिपकेदार. त्यांच्या मागोमाग पिल्लेही येतात. पर्यटक पाण्यात उतरतात, त्यांना खाऊ घालतात व छायाचित्रे काढतात.

ही डुकरे तेथे आली कशी, याविषयी अनेक कथा प्रचलित आहेत. कोणी म्हणतात, खलाशांनी परतीच्या प्रवासात मांसाची सोय म्हणून ती बेटावर सोडली व ते परतलेच नाहीत. कोणी फुटलेल्या गलबताची कथा सांगतात. शेजारच्या बेटावरील रहिवाशांनीच घराजवळची घाण व दुर्गंधी टाळण्यासाठी ती येथे आणून ठेवली, असेही सांगितले जाते. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. डुक्कर हा अमेरिका खंडाचा मूळ प्राणी नव्हे. कोलंबसाच्या १४९३ मधील दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर आणला गेला. बिग मेजर केवरील कळप हाही माणसाने पाळलेल्या डुकरांचाच वंश आहे.

डुकरे पाण्यात का शिरतात?

डुकराच्या अंगी घामावाटे शरीर थंड ठेवण्याची शक्ती फारच थोडी असते. म्हणून उन्हाळ्यात ते चिखलात लोळते किंवा पाण्यात बसते. पोहणेही त्याला उपजतच जमते. त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असून बुद्धी तल्लख आहे. कोणत्या आवाजानंतर अन्न मिळते, हे ते लवकर शिकते. नावेतून उष्टेखरकटे मिळते, हे एकदा कळल्यावर नाव दिसताच पाण्यात झेप घेणे हा त्याच्या दिनक्रमाचा भाग होऊन जातो.

येथे एक मुद्दा स्पष्टपणे ध्यानात घेतला पाहिजे. पर्यटकाला जी मैत्री वाटते, ती प्राण्याच्या दृष्टीने मुख्यतः अन्नाची अपेक्षा असते. या अपेक्षेत काही गैर नाही. परंतु मैत्री समजून वागणारा माणूस सावधगिरी सोडतो. अन्न हातात लपवून ठेवले किंवा देण्यास विलंब केला, तर मोठे डुक्कर धक्का देते, प्रसंगी चावते. या किनाऱ्यावर पर्यटकांना डुकरे चावल्याचे प्रकार घडले आहेत. दोष प्राण्याचा नसून त्याचा स्वभाव समजून न घेणाऱ्याचा आहे.

२०१७ मधील दुर्घटना

फेब्रुवारी २०१७ मध्ये या किनाऱ्यावरील सुमारे सात डुकरे मृतावस्थेत आढळली. वृत्त जगभर पसरले. पर्यटकांनी डुकरांना मद्य पाजले, अयोग्य पदार्थ खाऊ घातले, त्यांच्या पाठीवर बसण्याचे प्रकार केले, अशा तक्रारी पुढे आल्या. तपासणीत मृत डुकरांच्या पोटात वाळू आढळली.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. वाळूवर फेकलेला पाव किंवा फळाचा तुकडा डुक्कर वाळूसकट गिळते. एखाददुसऱ्या वेळी त्याने फारसे बिघडत नाही. परंतु दिवसभर नावांमागून नावा येऊ लागल्या आणि प्रत्येक पर्यटक वाळूवरच खाऊ टाकू लागला, म्हणजे पोटात वाळू साचत जाते व आतड्यांचा मार्ग रोखला जातो. याखेरीज डुकरांना गोड्या पाण्याची नितांत गरज असते. गोडे पाणी पुरेसे न मिळाल्यास शरीरातील मिठाचे प्रमाण वाढून मेंदूवर परिणाम होतो, हे डुक्करपालन करणाऱ्यांना ठाऊकच आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

या घटनेनंतर शासनाने डुकरांना खाऊ घालण्यावर निर्बंध घालण्याचे पाऊल उचलले. खाऊ द्यावयाचाच तर तो वाळूवर न टाकता पाण्यात द्यावा, अशी सूचना पर्यटकांना देण्यात येऊ लागली. ज्या कळपामुळे नौकाचालक, वाटाडे, उपाहारगृहे व विश्रामगृहे यांचा चरितार्थ चालतो, त्या कळपाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र या मृत्यूंनी ऐरणीवर आणला. लाभ अनेकांचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी स्थिती असली की हानी ठरलेलीच असते.

केमन बेटांवरील पाकट मासे

हाच प्रश्न पश्चिम कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांवर, या ब्रिटिश प्रदेशात, वेगळ्या रीतीने हाताळला गेला. ग्रँड केमन बेटाच्या उत्तरेस नॉर्थ साउंड नावाची उथळ खाडी आहे. मासेमारी करून परतणारे कोळी प्रवाळरांगेच्या आतील शांत पाण्यात मासे साफ करीत व टाकाऊ भाग पाण्यात फेकीत. ते खाण्यासाठी पाकट मासे तेथे जमू लागले. १९८० नंतरच्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हाताने खाऊ घालण्यास प्रारंभ केला. आज कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पाकटांचा स्पर्श अनुभवणे हे त्या बेटाचे सर्वांत प्रसिद्ध आकर्षण आहे.

पाकट हा मासा कोकणातील वाचकांच्या परिचयाचा आहे. चपटे, पसरट शरीर, पोटाच्या बाजूस तोंड आणि चाबकासारख्या शेपटीवर दातेरी विषारी काटा. तो आपण होऊन माणसावर हल्ला करीत नाही. वाळूत दडून बसलेल्या पाकटावर पाय पडला तरच तो काटा मारतो. म्हणूनच अशा पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत चालावे, म्हणजे मासा आधीच दूर होतो.

अभ्यासकांनी खाऊ घातले जाणारे पाकट व इतरत्र मोकळे राहणारे पाकट यांची तुलना केली. या जातीचे पाकट निसर्गतः रात्री, बहुधा एकेकटे फिरून अन्न शोधतात. पर्यटनस्थळावरील पाकट मात्र दिवसा जागे व रात्री विसावलेले, थोड्याशा जागेत दाटीने राहणारे आढळले. नावांमुळे होणाऱ्या जखमा, परस्परांचे चावे आणि परजीवींचा उपद्रव यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक दिसून आले. खाऊचा परिणाम केवळ पोटावर होत नाही. तो प्राण्याची सारी जीवनरीत बदलतो, असा याचा अर्थ आहे.

तेथील शासनाने २००७ साली या जागेस वन्यजीव सहवासाचे विशेष क्षेत्र म्हणून नियमांखाली आणले. नौकांना परवाना आवश्यक झाला. पाकटाला पाण्याबाहेर उचलण्यास बंदी घालण्यात आली. खाऊचा प्रकार व प्रमाण यांवर मर्यादा आल्या. उथळ पाण्यात पादत्राणे घालून उतरण्यासही मनाई झाली. २०१३ साली पाकटांना त्या बेटांच्या सर्व सागरी हद्दीत कायद्याचे संरक्षण मिळाले. नियमांनी सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. परंतु व्यवसाय आणि प्राणी या दोहोंचा विचार एकत्र करण्याची चौकट तेथे निर्माण झाली.

आपल्या किनाऱ्याच्या संदर्भात

बहामा किंवा केमन आपल्यापासून दूर असले, तरी त्यांच्यापुढील प्रश्न कोकणातील किनाऱ्यावरील गावांना अपरिचित नाही. तारकर्ली, मालवण, दापोली या भागांत डॉल्फिन दाखविण्यासाठी नावा समुद्रात जातात. मालवणचा सागरी परिसर १९८७ सालीच अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये डॉल्फिनना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. मनोरंजनासाठी त्यांना बंदिस्त ठेवणाऱ्या केंद्रांना परवानगी न देण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१३ साली घेतला. आपल्याकडे डॉल्फिन पाहावयाचा तो त्याच्या घरी, म्हणजे मोकळ्या समुद्रातच. तेथेही नावेने त्याचा पाठलाग करणे, कळपाच्या मध्ये नाव घालणे किंवा त्याला खाऊ टाकणे अनुचित होय.

या बाबतीत रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने घालून दिलेले उदाहरण मोलाचे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे सागरी कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले. पूर्वी घरट्यांतील अंडी चोरीस जात. आता ती सुरक्षित जागी ठेवली जातात व पिल्ले बाहेर पडताच समुद्राकडे सोडली जातात. हा सोहळा पाहण्यासाठी २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे ग्रामस्थांच्या घरी उतरतात व घरचे जेवण घेतात. पिल्लांना मात्र कोणी हात लावावयाचा नसतो, दोरीच्या पलीकडून पाहावयाचे असते. अंतर राखूनही आनंद मिळतो आणि गावाला उत्पन्नही मिळते, हे वेळासने दाखवून दिले आहे.

ग्रामपंचायतींनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

प्राण्यांच्या आकर्षणावर पर्यटन उभारू इच्छिणाऱ्या गावांनी या अनुभवांवरून काही गोष्टी प्रारंभीच ठरवून घ्याव्यात.

१. प्राणी वन्य असल्यास वन विभागाचा सल्ला व परवानगी घेतल्याखेरीज कोणताही उपक्रम सुरू करू नये.

२. एका वेळी किती नावा व किती माणसे जातील, याची मर्यादा गर्दी होण्यापूर्वी ठरवावी. गर्दी झाल्यावर मर्यादा घालणे फार अवघड जाते.

३. वन्य प्राण्यास खाऊ घालू नये. पाळीव प्राणी असल्यास त्याचे अन्न, गोडे पाणी, सावली आणि पशुवैद्यकीय तपासणी यांची जबाबदारी नावानिशी सोपवावी.

४. नौकाचालक व वाटाडे यांना प्राण्यांच्या सवयींची माहिती द्यावी. पर्यटक फलकापेक्षा नावाड्याचे अधिक ऐकतो.

५. उत्पन्नाचा काही भाग प्राण्यांच्या व किनाऱ्याच्या देखभालीसाठी राखून ठेवावा.

शिक्षकांनाही हा विषय वर्गात उपयोगी पडेल. प्राणी आपल्याजवळ का येतो, या एका प्रश्नातून निसर्गविज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा धागा जोडता येतो. सहलीला जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांशी दहा मिनिटे यावर चर्चा केली, तर किनाऱ्यावरील त्यांचे वागणे निश्चितच बदलेल.

बिग मेजर केवरील डुकरे आजही नावेचा आवाज ऐकून पाण्यात शिरतात. त्यांना पाहून लहानथोरांना होणारा आनंद खराच आहे आणि त्यावर चालणारी कुटुंबेही खरी आहेत. परंतु नावेकडे पोहत येणाऱ्या त्या जिवाला आपल्या हातातील पदार्थ हिताचा की घातक, याची पारख नसते. ती पारख ठेवणे हे पर्यटकाचे, नावाड्याचे व गावाच्या कारभाऱ्यांचे काम आहे. ते नीट पार पडले, तरच प्राणी टिकतील आणि त्यांच्यासोबत गावाचा व्यवसायही टिकेल.